पाण्याविरुद्ध पायडल

पहाटे साडेचार

डिसेंबरात विट्याला पहाटे बोटं गारठतात, आणि गारठलेल्या बोटांनी सायकलच्या बारीक व्हॉल्व्हची पिन सैल करणं हा दिवसातला पहिला उद्योग. हवा रात्री भरून ठेवली तरी सकाळी टायर दाबून बघायचाच. खानापूर तालुक्यात काट्यांना तोटा नाही. वेड्या बाभळीचा काटा निदान दिसतो तरी, सराटा दिसतही नाही. तो रात्रभरात ट्यूब रिकामी करतो आणि सकाळी चाक बसलेलं सापडतं. म्हणून टायरवरून जुनं फडकं फिरवायचं. जिथं ते अडकेल तिथं काटा.

सामान थोडकं. दोन जादा ट्यूब, पॅच, सोल्यूशन, हातपंप, चेनला घालायचं तेल. आणि एक पितळी तुकडा, ज्याच्याशिवाय मी गाव सोडत नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हसाठी असतं, आमच्या सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह त्यात बसत नाही. मधे हा तुकडा लावला तरच हवा जाते, नाहीतर दुकानासमोर उभं राहून हातपंप मारत बसायचं. बरोबर येणाऱ्या भाच्याच्या पिशवीत सांगलीचं भडंग, माझ्या पिशवीत गूळ-शेंगदाणे, आणि बहिणीनं बांधून दिलेल्या बाजरीच्या भाकरी नि शेंगदाण्याची चटणी. भाकरीला भाच्याचा विरोध होता. त्याच्याकडे चौकोनी पाकिटातल्या गोड वड्या आहेत. दुपारी बघू म्हटलं.

सव्वापाच

हा रस्ता कागदावर राष्ट्रीय महामार्ग 166 ई. लोकांच्या तोंडी मात्र गुहागर-विजापूर. विजापूरकडून जतला येतो, मग विटा, कडेगाव, कराड, पाटण करत कुंभार्ली घाटानं चिपळुणात उतरतो आणि गुहागरला समुद्रापाशी थांबतो. आज आम्हाला त्याचा मधला तुकडा करायचाय, विटा ते चिपळूण, 140 किलोमीटरच्या आसपास. सकाळी निघालो तिथं वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस. दुपारी जिथं पोचू त्या कोयनानगरला 4000 ते 5000. एवढा फरक एका दिवसाच्या पायडलात पार होतो, याचं मोटारीतून जाणाऱ्याला काही वाटत नाही. काच वर असते.

अंधारात सगळ्यात मोठी धास्ती उसाच्या ट्रॅक्टरची. कारखान्यांची धुराडी पेटलेली, गळीत हंगाम भरात, आणि एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा असेलच असं नाही. बहुतेक वेळा गाण्याच्या आवाजावरूनच ती कळते. ओव्हरटेक करताना पहिली ट्रॉली संपली म्हणून आत वळायचं नाही, दुसरी यायची असते, आणि उसाची लांब टिपरं बाहेर लोंबत असतात. आम्ही मागेच राहतो. रस्त्यावर पडलेला ऊस चाकाखाली आला की सायकल सटकते, त्यामुळे दिव्याचा झोत लांब न टाकता चार हातांवर धरायचा. विट्याचा माणूस सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी हिंदुस्थानभर पांगलाय, पण पहाटेच्या या रस्त्यावर भेटतात ते सगळे ऊसतोडीचे, बैलगाडीत पोराबाळांसह झोपेत चाललेले.

सात

वाटेत येरळा ओलांडली. नावाला नदी, पण याच नदीच्या वाळूवर बळीराजा धरण उभं राहिलं. 1980 च्या दशकात बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी पात्रातली थोडी वाळू विकून त्या पैशातून ते बांधलं. या बाजूला पाण्याची गोष्ट निघाली की कुणीतरी ते नाव काढतंच.

उजाडलं ते कडेगावच्या अलीकडे. आम्ही पश्चिमेला तोंड करून चाललोय, त्यामुळे सूर्य पाठीमागून उगवतो आणि आपली सावली लांबलचक होऊन पुढं पळते. दिवसभराचं वेळापत्रक या सावलीवर चालतं. ती पुढं आहे तोवर डोळे सुखात. दुपारनंतर ती मागं गेली की ऊन डोळ्यांत.

कडेगाव म्हणजे मोहरमचे उंच ताबूत, ज्यांच्या भेटी बघायला हिंदू-मुसलमान दोन्ही गर्दी करतात. आज चौकात फक्त पोहे आणि चहा. गाडीवाल्या आण्णांनी सायकलींच्या मागच्या पिशव्या निरखल्या.

"पाव्हणं, कुटनं आलासा?"

"विट्यास्नं."

"आन् जायाचं?"

"चिपळूणला."

"सायकलीवनं? मोटरसायकल बिघडली व्हय?"

भाचा शहरातला, त्याला पटकन उत्तर सुचत नाही. मी सांगतो की पेट्रोल परवडत नाही. या उत्तरावर कुणी पुढं विचारत नाही, उलट प्लेटीत पोहे जास्त पडतात. आरोग्य, छंद, पर्यावरण असलं काही सांगितलं तर अर्धा तास जातो.

गावाबाहेर टेंभू योजनेचा कालवा दिसला, भरून वाहत होता. इथून पुढं दिवसभर हेच डोक्यात घोळत राहणार. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवून ते टप्प्याटप्प्यानं पंपांनी उचलतात आणि कडेगाव, खानापूर, आटपाडीकडं पाठवतात. टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव, 1856 सालचं. पाणी खालून वर येतंय आणि आम्ही वरून खाली चाललोय. पाणी चढायला वीज खातं, माणूस भाकरी.

साडेसात

शाळगाव मागं टाकलं की जमीन एकदम संपल्यासारखी वाटते. समोर सुर्लीचा घाट आणि खाली कृष्णेचं खोरं, उसाच्या हिरव्या चौकटी, धुकं, त्यातून वर आलेला सदाशिवगड. दिवसातला हा पहिला उतार, आणि तो फुकटचा. विट्यापासून आपण चढून आलोय असं पायांना कुठं वाटलेलं नसतं. येरळेचं पाणी एकीकडं नि कृष्णेचं दुसरीकडं करणारी ही कड आहे, पण पूर्वेकडून येताना ती कळतच नाही. पश्चिमेला तोंड केलं की कळते.

घाट छोटा. तरी भाच्याला पुढं जाऊ दिलं नाही. चाकं थंड, ब्रेकचे रबर थंड, बोटं अजून आखडलेली. पहिल्या दोन वळणांवर ब्रेक नुसते चाखून बघायचे, मग सोडायचं. घाटात कुठंतरी सांगली जिल्हा संपून सातारा लागला. 1949 पर्यंत हा सगळा एकच सातारा जिल्हा होता. त्या साली दक्षिण सातारा वेगळा काढला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार 1943 ते 46 ज्या मुलखात चाललं, तो हा अखंड सातारा. आमच्या आजोबांच्या पिढीला दोन जिल्हे सांगितले तरी पटत नसत. भाषा तीच, ऊस तोच, सोयरिकी तर सगळ्या घाटाच्या वरखाली.

नऊ

ओगलेवाडीला थोडं थांबलो. 1916 साली इथं ओगल्यांनी काचेचा कारखाना काढला आणि त्यांच्या 'प्रभाकर' कंदिलानं महाराष्ट्रातली खेडी उजळली. भाच्यानं कंदील फक्त हॉटेलात टांगलेला पाहिलाय.

कराडला मिसळ खायची की नाही यावर वाद झाला. माझं मत, चढाच्या दिवशी तेलाची तर्री नको. भाच्याचं मत, चढाच्या दिवशी नाही तर कधी. त्याचं मत जिंकलं. नंतर प्रीतिसंगमावर दहा मिनिटं. उत्तरेकडून कृष्णा, समोरून कोयना, दोघी तोंडातोंडी येऊन भेटतात आणि मग मिळून पूर्वेला वळतात. तिथंच यशवंतराव चव्हाणांची समाधी. त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे, ते घाटावर, सांगलीच्या हद्दीत. त्यामुळे सकाळपासूनचा आमचा प्रवास एका परीनं त्यांच्या जन्मगावाच्या बाजूकडून समाधीपर्यंत झालेला.

बाटल्या भरल्या. इथून पुढं कोयनेचा काठ.

दहा ते साडेबारा

वारुंजी फाट्याला पुणे-बंगळूर महामार्ग सुटला. विजयनगर, सुपने, विहे, मल्हारपेठ, नवारस्ता. नकाशात हा पट्टा सपाट दिसतो. मोटारवाले सांगतात, पाटणपर्यंत काहीच नाही हो, घाट पुढं आहे. सायकलवाल्याला फसवणारा रस्ता तो हाच.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, डोंगराला समांतर दक्षिणेला वाहत येते, हेळवाकला एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. आम्ही तिच्या शेवटच्या पट्ट्यातून उलट वर चाललोय. नदी इथं इतकी निवांत उतरते की पाण्याला घाई नाही आणि डोळ्याला चढ नाही. पण पाय खोटं बोलत नाहीत. मघाशी कराडच्या अलीकडे जो गिअर सहज फिरत होता तो आता जड लागतो. माणूस आधी चेन बघतो, मग टायर दाबून बघतो, मग ब्रेक चाकाला घासतोय का बघतो, मग मिसळीला शिव्या देतो. दोष कशातच नसतो. रस्ता थोडाथोडा चढत असतो, एवढंच. घाटाला माणूस मनातून तयार असतो. या असल्या चढाला कुणी तयार नसतं, आणि दिवसाची निम्मी ताकद इथं गुपचूप जाते. यावर उपाय एकच: गिअर हलका टाकायचा, पाय भराभर फिरवायचे, आणि अर्ध्या-अर्ध्या तासानं भूक नसतानाही तोंडात काहीतरी टाकायचं. भाच्याला हे सांगून उपयोग नसतो. तो जड गिअरवर उभा राहून मारत पुढं निघून गेला आणि मल्हारपेठेला झाडाखाली बसलेला सापडला. पाकिटातल्या वड्या संपल्या होत्या. भडंग काढलं.

रस्ता कुठं काँक्रीटचा, कुठं जुन्या डांबराचा. काँक्रीट चांगलं, पण त्याची कड साईडपट्टीपासून वीतभर उंच. मागून एसटीनं हॉर्न दिला म्हणून बिचकून खाली उतरायचं नाही, उतरलो की पडलो. कडेपासून हातभर आत चालवायचं आणि मागच्याला वाट बघू द्यायची. कोकणातून जांभ्या चिऱ्याचे ट्रक येतात, ते समोरून, त्यांचा त्रास नाही. उतारानं येणाऱ्या रिकाम्या जीपगाड्यांचा आहे.

नवारस्त्याच्या पुढं उजव्या हाताचे डोंगर जवळ आले. वर पठारांच्या कडेला पवनचक्क्या, त्यातल्या पुष्कळशा वनकुसवड्याच्या. पाती फिरत होती आणि वारा आमच्या तोंडावर होता.

साडेबारा

पाटण. केरा नदी इथं कोयनेला मिळते. बसस्टँडजवळच्या खाणावळीत मावशींनी विचारलं, राइसप्लेट की नुसती भाजी. आमच्या भाकरी आहेत म्हटल्यावर त्यांनी आमटी आणि कांदा पुढं ठेवला, ठेच्याचं भांडं आणून ठेवलं आणि पैशाचं नंतर बघू म्हणाल्या. भाच्यानं दोन भाकरी खाल्ल्या. मी काही बोललो नाही.

गावाजवळ दातेगड आहे, वर तलवारीच्या आकाराची कातळात खोदलेली विहीर. बघण्यासारखी आहे, पण सायकलवर लांबच्या मुक्कामाला निघालेल्या माणसानं दुपारी किल्ल्याचं नाव काढू नये. अर्धा तास टोपी तोंडावर घेऊन आडवं व्हायचं. झोप लागली तर उत्तम. चेनवर धूळ बसून किरकिर सुरू झाली होती, तिला फडक्यानं पुसून तेलाचे थेंब सोडले.

अडीच

येराड गेलं, आणि मग खोरं आवळत जातं. शेतं लहान होतात, ऊस मागं पडतो, भात काढलेली खाचरं दिसतात, घरांच्या छपरांना उतार येतो. पावसाचा पट्टा बदलला हे इथं पावसाशिवाय कळतं. डोंगरउतारांवर मातीचे उघडे पट्टे अजून आहेत. जुलै 2021 च्या पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी आल्या. त्याच दिवसांत घाटाखाली चिपळूण बुडालं होतं. रस्त्यावरच्या माणसाला विचारावं लागत नाही, चहाबरोबर तो आपणहून सांगतो.

हेळवाकजवळ टपरीवाल्या तात्यांशी बोलणं निघालं. कोयनेकडची वयस्क माणसं आपलं वय मोठ्या भूकंपावरून सांगतात. 11 डिसेंबर 1967 ची पहाट, कोयनानगर जवळजवळ सगळं पडलं, शंभराहून जास्त माणसं गेली. तात्या म्हणाले, "मी तवा पाळन्यात. आईनं पाळन्यासकट भायेर काढलं." मग लगेच, "साखर किती टाकू?"

कोयनेचं धरण 1964 मध्ये पुरं झालं. उंची 103 मीटर, साठा 105 टीएमसी, आणि मागचा शिवसागर जलाशय दूर तापोळ्याकडं पसरलेला. आता नकाशा डोळ्यांपुढं आणून बघा. नदी सह्याद्रीच्या कड्याला इतकी चिकटून वाहते की पश्चिमेची एक कड ओलांडली की खाली कोकण. स्वभावानं हे पाणी पूर्वेला, कराडवरून कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जायचं. माणसानं काय केलं, डोंगराला बोगदे पाडले आणि त्यातलं बरंचसं पाणी पश्चिमेला पोफळीकडं सोडलं. सुमारे 475 मीटरची उडी. त्यावर डोंगराच्या पोटात जनित्रं फिरतात, आणि मग ते पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला. कृष्णा लवादानं या पश्चिमेच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. सगळे टप्पे मिळून क्षमता 1960 मेगावॅटच्या आसपास. 13 मार्च 1999 ला जलाशयाच्या तळाशी स्फोट करून चौथ्या टप्प्याचं तोंड उघडलं, तेव्हा आम्ही पोरं टीव्हीसमोर होतो.

सकाळी बघितलं ते पाणी पंपानं पूर्वेला चढत होतं. दुपारी हे बोगद्यानं पश्चिमेला पडतंय. विट्याचा शेतकरी, कोयनेचा विस्थापित आणि चिपळूणचा दुकानदार, तिघांना विचारलं तर पाणी कुणाचं यावर तीन उत्तरं मिळतील. माझं उत्तर सायकलवाल्याचं, म्हणजे अर्धवट: उतार कुठल्या बाजूला आहे हे कळल्यावर पाण्याचा तंटा निम्मा कळतो. कराड ते हेळवाक आम्ही साठ-एक किलोमीटर नदीच्या उलट आलो, तेव्हा कुठं जरासे वर चढलो. पलीकडे तेवढंच नव्हे, त्याच्या कितीतरी पट काही वळणांत खाली जाणार. वीज या फरकातूनच तयार होते. अभियंत्यांनी उंची मोजून जे ताडलं ते आमच्या मांड्यांना दुपारी तीनपर्यंत कळलेलं असतं.

चार

घाटमाथ्याकडचा शेवटचा चढ. आजूबाजूला जंगल. 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय, रस्त्याकडेला पाट्या आहेत. गवे बाहेर येतात, म्हणून अंधारात या रस्त्यानं सायकल नको असं इथला प्रत्येक माणूस बजावतो. ऐकावं. ऊन आता समोरून डोळ्यांत. भाचा मागं, मी पुढं. सकाळी उलट होतं. तो हाक मारतो, "मामा, अजून किती?" मी म्हणतो, "दोन वळणं." घाटात मामा कायम दोन वळणंच सांगतो.

असल्या चढाला इटलीतली मिलान-सान रेमो सायकल शर्यत आठवते. ती 1907 पासून होते, तीनशे किलोमीटरला थोडी कमी. मैदानातून तासन्तास हळूहळू चढत जायचं, 532 मीटरच्या तुर्किनो खिंडीत पोचायचं, आणि पलीकडं एकदम भूमध्य समुद्र. तिथं शर्यत बघायला रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी असतात. युरोपातले हौशी सायकलवाले असल्या समुद्रकाठच्या डोंगरांसाठी सुट्ट्या काढतात, मायोर्का काय, दाल्मेशिया काय. कुंभार्लीची रचना हीच आहे, फक्त माथ्यावर माणसांच्या जागी माकडं, आणि त्यांचं लक्ष भडंगाच्या पिशवीवर.

साडेचार

माथ्यावर थांबणं सक्तीचं. दम घ्यायला नव्हे, ब्रेक बघायला. रबर किती उरलेत, तार सैल तर नाही, पिशव्यांचे पट्टे चाकाकडं लोंबतायत का. सकाळचा स्वेटर पुन्हा अंगात, कारण घामेजलेल्या अंगानं उतरलं की थंडी हाडात शिरते. भाच्याला नियम सांगितले: ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, रिम तापते. दाबायचा, सोडायचा. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही. एसटी वळण कापणारच हे धरून चालायचं. ओली जागा, गिट्टी, डिझेल सांडलेलं दिसलं की सायकल सरळ ठेवायची. आणि दरीचा देखावा बघायचा असेल तर थांबून बघायचा.

उतरताना हात दुखतात. पाय नाहीत, हात. दिवसभराचा चढ पायांनी केला, उतार मनगटांनी. वळणावळणाला हवा जड होत जाते, कानात दडे बसतात. एका वळणावर स्वेटर काढला, दुसऱ्यावर टोपी. पोफळीला पोचेपर्यंत कपाळावरून पुन्हा घाम, पण वेगळा. घाटावर तो वाळून अंगावर मीठ होतं, इथं तो ओलाच राहतो. टपरीवर कोकम सरबत मागितलं. मागोमाग दुसरा पेला. शिरगाव, अलोरे सहज निघून गेली. डोंगराच्या पोटातून बाहेर पडलेलं पाणी रस्त्याच्या बाजूनं चाललेलं. दिवसात पहिल्यांदा आम्ही आणि पाणी एकाच दिशेला.

सहा

चिपळूण. दिवसाचं सगळ्यात कटकटीचं काम आता: सायकली ठेवायला जागा देणारी लॉज शोधणं. पहिल्या ठिकाणी म्हणाले, रस्त्यावर लावा. दुसऱ्या ठिकाणी मालकांनी जिन्याखाली जागा दाखवली आणि जुनी पोती अंथरली, फरशी तेलकट होऊ नये म्हणून. पोत्यांवर सायकली उलट्या टेकवून टायर तपासले. मागच्या टायरात सराटा निघाला, खानापूर तालुक्यातला, दिवसभर आतपर्यंत न पोचता रुतून राहिलेला. त्याला पक्कडीनं काढलं आणि भोकाला आतून पॅच लावला.

परतीचं अजून ठरलेलं नाही. पूर्वी एसटीच्या टपावर सायकल टाकून कराड गाठता यायचं, हल्लीच्या पुष्कळ गाड्यांना टपावर कॅरिअरच नसतं. टेम्पो मिळाला तर टेम्पो. पण ते परवाचं. मालकांनी विचारलं, उद्या कुठं. गुहागर, म्हटलं, जेमतेम पन्नास किलोमीटर, आरामात जाऊ. ते हसले. "आरामात नाही हो. घाट नाही तिकडं, पण वरखाली, वरखाली सारखं चालू असतं. नऊच्या आत निम्मं काढा, मग दमट होतं." भाचा तोवर फोनवर आईला सांगत होता की भाकरी फार चांगल्या होत्या. गजर पाचचा लावला. नंतर त्यानं तो साडेपाचचा केला, आणि मी पाहूनही काही म्हटलं नाही.